अंगठ्यापासून सुरू झालेली फिट : बडोद्यातलं एक प्रकरण

नवरात्राची आठवी माळ, सकाळचे सव्वासात. आई स्वयंपाकघरात चहा गाळत होती. बाहेरच्या खोलीतून बारीक टकटक ऐकू येत होती, बशीवर कुणी नख आपटावं तशी. ती बाहेर आली तर मुलगी सोफ्यावर बसलेली, पूर्ण शुद्धीत, आपल्याच उजव्या हाताकडे बघत होती. अंगठा बशीच्या कडेवर आपटत होता आणि तिला तो थांबवता येत नव्हता. "आई, हा ऐकत नाहीये," एवढंच ती म्हणाली. मग तर्जनी, मग मनगट, मग ओठांचा उजवा कोपरा ओढला गेला, आणि मिनिटाच्या आत सगळं अंग झटके देऊ लागलं.

आईने हे मला त्याच दिवशी दुपारी, जसंच्या तसं, सांगितलं. या प्रकरणातली सर्वांत मोलाची माहिती तीच होती. मी ती ऐकली, केसपेपरवर लिहिली, आणि तिला द्यायचं तेवढं महत्त्व दिलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी दांडिया बाजारात बरीच वर्षं फॅमिली प्रॅक्टिस करते. हे मराठी कुटुंब तीन पिढ्यांपासून बडोद्यात आहे. वडिलांचं विजेच्या सामानाचं दुकान, आई घरी, आजोबा ब्लडप्रेशरच्या गोळ्यांवर. मुलगी तेव्हा २३ वर्षांची, एका सीएच्या ऑफिसात कामाला. मला ती लहानपणापासून 'डॉक्टरकाकू' म्हणते. तिच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला पहिली फिट २०१७ मध्ये, दहावीनंतरच्या सुट्टीत आली होती. तेव्हा सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, उजव्या हाताची हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्याजवळ, एक छोटं कडं दिसलं होतं. आपल्या देशात तरुण मुलामुलींमध्ये असं एकच कडं दिसलं की दोन शक्यता आधी मनात येतात: टीबीची गाठ, किंवा पट्टकृमीच्या अळीची गाठ, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस. तिचं कडं २० मिलिमीटरपेक्षा लहान होतं, भोवती दाब फारसा नव्हता आणि एमआरआयमध्ये कड्याच्या आत, मध्यापासून जरा बाजूला, अळीच्या डोक्याचा ठिपका दिसत होता. निदान पक्कं झालं. अल्बेंडाझोल आणि स्टिरॉइडचा कोर्स झाला, फिटची गोळी सुरू झाली.

घरात तेव्हा रडारड झाली ती आजारापेक्षा निदानाच्या नावाने. "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि तुम्ही डुकराच्या मांसातली अळी म्हणता?" आजोबांचा हा प्रश्न रास्त होता, आणि बडोद्यात तर मला तो दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर पट्टकृमी आतड्यात वाढतो. अशा माणसाच्या शौचातून त्याची अंडी बाहेर पडतात, आणि ती अंडी न धुतलेल्या कोथिंबिरीवरून, कोबीवरून, पाण्यातून किंवा स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांवरून ज्याच्या पोटात जातील त्याच्या मेंदूत गाठ होऊ शकते. म्हणजे मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत आणि न खाणाऱ्याच्या डोक्यात अळी, असंही घडतं. शाकाहार इथे कवच नाही. हात आणि भाजी नीट धुणं हेच कवच. घरातल्या सगळ्यांची शौचतपासणीही करून घेतली. त्यात काही निघालं नाही.

दोन वर्षं फिट आली नाही. गाठ आटली आणि तिच्या जागी ४ मिलिमीटरचा चुन्याचा ठिपका राहिला. २०१९ च्या अखेरीस गोळी हळूहळू कमी करून बंद झाली. ठिपका राहिलेल्यांना फिट परत येण्याचा धोका जास्त असतो हे तेव्हा सांगितलं गेलं होतं. पण पाच वर्षं काहीच झालं नाही तर असलं वाक्य कोण लक्षात ठेवतं?

आता २०२४ च्या त्या सकाळकडे. फिट दोन मिनिटांत थांबली. तेवढ्यात शेजारच्या बेन डुंगळी, म्हणजे कांदा, फोडून घेऊन धावत आल्या, कुणीतरी चप्पल नाकाशी धरली, आणि मामाने दातखीळ उघडायला चमचा घातला. समोरच्या दाताचा टवका उडाला. तो आजही दिसतो. जिन्यात "वाई आवी, वाई आवी", म्हणजे फिट आली, एवढं एकच वाक्य तीन मजले चढलं. इथे एकदाच सांगते आणि पुढे जाते: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध न येता लागोपाठ दुसरी आली, तर थेट हॉस्पिटल.

हॉस्पिटलात साधा सीटी झाला, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता. रिपोर्ट: जुना चुन्याचा ठिपका, नवीन काही नाही. ती सात रात्री गरबा खेळून दीड-दोनला घरी येत होती आणि साडेनऊला ऑफिसात हजर होत होती. जागरणाने फिट येते हे खरंच आहे. त्यामुळे सगळ्यांचं एकमत झालं: जागरण. मीही तेच म्हणाले. दुपारी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या उजव्या हाताला पेन धरवत नव्हतं. झटक्यांनंतर त्या भागाचे स्नायू काही तास लुळे पडतात, टॉड्स पॅरालिसिस म्हणतात तसं. मी ते टिपलं. न्यूरॉलॉजिस्टशी फोनवर बोलून लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी, ५०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ सुरू केली. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढला, तो नॉर्मल आला. घरच्यांना वाटलं, सुटलो. दोन फिटच्या मधल्या काळात ईईजी नॉर्मल येऊ शकतो आणि त्यावरून अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, नाही असं ठरत नाही, हे मी सांगितलं खरं, पण माझ्याही आवाजात सुटकेचा सूर होता.

धनत्रयोदशीला, एकोणिसाव्या दिवशी, पुन्हा अंगठा. या वेळी जागरण नव्हतं. ती रोज दहाला झोपत होती. गोळी एकही चुकली नव्हती. आई स्टीलच्या डबीत दिवसाच्या दोन मोजून ठेवत होती आणि डबी रिकामी होती. मग तेव्हा कुठे मी स्वतःला तो प्रश्न विचारला जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. ठिपका पाच वर्षं तिथेच होता. मग फिट आत्ताच का?

न्यूरॉलॉजिस्टने दुसऱ्याच दिवशी, दिवाळीच्या गर्दीत, कॉन्ट्रास्टसह एमआरआय करवून घेतला. फिल्म मी व्ह्यूबॉक्सवर लावली आणि आईवडिलांना जवळ बोलावलं. मध्ये मोहरीएवढा काळा ठिपका. त्याच्याभोवती, पाण्यात दूध सांडावं तसा, पसरलेला पांढरा ढग. आणि कॉन्ट्रास्टच्या फिल्मवर ठिपक्याला चिकटून एक बारीक पांढरं कडं. ढग म्हणजे मेंदूच्या त्या भागात साचलेलं पाणी. कडं म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या गळत होत्या.

इथे मला भाषेचीच अडचण येते. आपण मराठीत दोन्हीला 'सूज' म्हणतो. पाणी साचणं तीही सूज, आणि शरीराच्या संरक्षक पेशी चेतवल्या जाऊन जो दाह होतो तीही सूज. या मुलीच्या डोक्यात दोन्ही होतं आणि एकातून दुसरं झालं होतं. म्हणून पुढे दाहाला दाह आणि साचलेल्या पाण्याला पाणी म्हणते.

मेंदूतल्या रक्तवाहिन्या शरीरातल्या इतर वाहिन्यांसारख्या नसतात. १८८५ मध्ये पॉल एर्लिखने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. १९१३ मध्ये त्याच्याच शिष्याने, एडविन गोल्डमनने, उलटा प्रयोग केला: रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. मधे काहीतरी भिंत आहे हे त्यातून उमगलं. आज आपण तिला रक्त-मेंदू अडसर म्हणतो. वाहिनीच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातलं बरंचसं मेंदूत झिरपतच नाही. एका माणसाच्या मेंदूतल्या या केशवाहिन्या टोकाला टोक जोडल्या तर सुमारे ६०० किलोमीटर भरतात असं म्हणतात; बडोद्याहून मुंबईला जाऊन अर्ध्या वाटेने परत यावं एवढ्या. आणि त्या सगळ्या लांबीवर ही भिंत शाबूत असावी लागते. एमआरआयचा कॉन्ट्रास्ट रक्तात फिरतो आणि निरोगी भागात वाहिनीबाहेर पडत नाही. जिथे पडतो तिथे पांढरं दिसतं. म्हणून ते कडं पाहताना मला निव्वळ डाग दिसत नाही. तिथे भिंतीला पडलेली भेग दिसते.

भेग का पडली? अळी मेली तरी तिचे अवशेष त्या चुन्यात अडकलेले असतात. अधूनमधून त्यातलं काही बाहेर उघडं पडतं आणि शरीराच्या संरक्षक पेशी पुन्हा चेततात, असं मानलं जातं. मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी आणि तारकापेशी म्हणजे ॲस्ट्रोसाइट इंटरल्युकिन-१ बीटासारखी रसायनं सोडतात. ही रसायनं दोन कामं करतात. वाहिनीची घट्ट वीण सैल करतात, आणि मज्जापेशींवरची, म्हणजे न्यूरॉनवरची, ग्लुटामेटची दारं जास्त सहज उघडायला लावतात. ग्लुटामेट हा मेंदूतला चेतवणारा निरोप्या आहे. दारं सैल झाली की जराशा निरोपानेही पेशी पेटते. मिलानमधल्या ॲनामारिया वेझानी यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून प्राण्यांमध्ये हे पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. आणि जंतूंचा संसर्ग नसतानाही, फक्त फिट आली म्हणून, हाच दाह सुरू होतो हेही दाखवलं आहे.

दुसरा धागा वाहिनीचा. भेगेतून रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन मेंदूत झिरपतं. अल्ब्युमिन रक्तात असेल तर निरुपद्रवी, मेंदूत गेलं तर नाही. तारकापेशी ते आत ओढून घेतात आणि त्यांचं रोजचं काम बिघडतं. त्यांचं रोजचं काम काय? मज्जापेशी प्रत्येक वेळी पेटते तेव्हा पोटॅशियम बाहेर टाकते, आणि तारकापेशी ते उचलून दूर नेतात. अल्ब्युमिन शिरल्यावर ही उचल मंदावते. पोटॅशियम तिथेच साठतं, आणि पोटॅशियमने वेढलेली पेशी सारखी पेटण्याच्या बेतात राहते. इस्रायलमधले अलोन फ्रीडमन आणि अमेरिकेतल्या डॅनिएला कॉफर यांनी उंदरांच्या मेंदूवर नुसतं अल्ब्युमिन घालून हे दाखवलं: वेगळी इजा न करताही, काही दिवसांत तिथून फिट उठू लागते.

मग फिट स्वतःच भिंत आणखी सैल करते, दाह आणखी वाढवते. नवरात्रातल्या फिटनंतर एकोणीस दिवसांनी पुढची येण्यात याचाही वाटा असावा असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

वडिलांनी हे सगळं ऐकून घेतलं. दोन महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, विश्वामित्रीचं पाणी त्यांच्या दुकानात शिरलं होतं. पाणी ओसरलं तरी भिंत कमरेएवढी ओली होती आणि एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा खटका, सारखा पडायचा. "वायर नवी टाकली होती हो डॉक्टर," ते म्हणाले, "तरी ट्रिप व्हायचंच. भिंत ओली ना." मी इतकी वर्षं रुग्णांना 'मेंदूत करंटचा गोंधळ होतो' असंच सांगत आले. ते चूक नाही. पण मी फक्त वायरीबद्दल बोलत होते, भिंतीबद्दल नाही. त्या दिवसापासून मी भिंतीचंही सांगते.

पेरूमध्ये पट्टकृमीचा हा आजार फार आहे, आणि तिथल्या रुग्णांवरचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या मुलीला नेमका लागू पडतो. अशा चुन्याच्या ठिपक्यांच्या ज्या रुग्णांना पुन्हा फिट आली आणि ज्यांचा एमआरआय पाच दिवसांच्या आत झाला, त्या २४ जणांपैकी १२ जणांच्या ठिपक्याभोवती पाणी होतं. फिट न आलेल्या तशाच २३ जणांत ते फक्त दोघांकडे होतं. यातला 'पाच दिवसांच्या आत' हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. हे पाणी येतं आणि काही आठवड्यांत विरून जातं. साध्या सीटीत ते सहज निसटतं. म्हणजे नवरात्रातच, त्याच आठवड्यात, योग्य तपासणी झाली असती तर आम्हाला कदाचित ढग दिसला असता आणि धनत्रयोदशीची फिट टळली असती. कदाचित म्हणते, कारण खात्री नाही. पण तपासणी मी मागायला हवी होती, हे नक्की. फिट एकाच बोटापासून सुरू होते, शुद्ध असताना सुरू होते, हात नंतर लुळा पडतो: इतकं स्पष्ट बोट दाखवणारं लक्षण समोर होतं आणि मी जागरणावर थांबले. जागरणाने फार तर ठिणगी पडली असेल.

उपचारात काय केलं ते थोडक्यात. लेव्हेटिरासिटामचा डोस वाढवला, क्लोबाझाम ही दुसरी गोळी रात्री काही आठवड्यांपुरती जोडली. व्हॅल्प्रोएट या फिटच्या आणखी एका गोळीचा विचारही केला नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीला ती शक्यतो देऊ नये, पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. फॉलिक ॲसिड सुरू केलं. ॲक्टिवा बंद, ऑफिसला वडील सोडणार.

दोन गोष्टींवर मात्र घरी बरीच चर्चा झाली. आईचं म्हणणं, जंताचं औषध परत द्या. नाही दिलं. अळी कधीचीच मेलेली होती. मेलेल्याला मारून उपयोग नाही. आणि काका म्हणाले, दाह आहे तर स्टिरॉइड का नाही? हा प्रश्न जास्त अवघड होता. स्टिरॉइडने ढग लवकर विरू शकतो, पण चुन्याच्या ठिपक्याभोवतीच्या पाण्यासाठी त्याचा फायदा भक्कमपणे सिद्ध नाही, आणि थांबवताना पाणी उलट उसळून आल्याचे रुग्ण नोंदवले गेले आहेत. तिच्या डोक्यात दाब नव्हता, हातात ताकद परत आली होती. न्यूरॉलॉजिस्टने थांबायचं ठरवलं आणि मला ते पटलं.

आजोबांचा प्रश्न आठवला की आजही मला कौतुक वाटतं. नातवाने त्यांना मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलं होतं. ते गोळ्यांचं पाकीट घेऊन आले: लोसार्टन. "ही माझी गोळी तिला चालेल का?" ऐकीव असलं तरी मूळ खरं होतं. मघाशी सांगितलेला अल्ब्युमिनचा परिणाम तारकापेशींतल्या ज्या मार्गाने होतो तो लोसार्टन अडवते, आणि उंदरांमध्ये मेंदूच्या इजेनंतर अपस्मार जडण्याचं प्रमाण त्यामुळे कमी झालं, असं २०१४ मध्ये फ्रीडमन यांच्या गटानेच दाखवलं. पण ते उंदीर, आणि तेही आजार जडण्याआधी. माणसांत ही फिटची गोळी म्हणून सिद्ध झालेली नाही, आणि गर्भारपणात ती धोक्याची आहे. मी त्यांना पाकीट परत खिशात ठेवायला सांगितलं. तरी या दिशेने आशा आहे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या फिटच्या बहुतेक गोळ्या वायरी शांत ठेवतात. ओल सुकवत नाहीत. जगभर अपस्माराचे सुमारे ५ कोटी रुग्ण आहेत आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांची फिट गोळ्यांनी पुरती थांबत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या त्यांच्या मेंदूच्या तुकड्यांत दाहाच्या खुणा सापडतात, नव्याने फुटलेल्या गळक्या केशवाहिन्याही सापडतात. उतारवयात पहिल्यांदाच येणाऱ्या फिटमागे तर सर्वांत मोठं कारण पक्षाघात, म्हणजे मुळात रक्तवाहिनीचाच आजार. वडील म्हणाले तेच: नुसती वायर बदलून भागणार नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा एमआरआय केला. ढग गेला होता. कडंही नव्हतं. मोहरीएवढा ठिपका तेवढा तिथेच. "हा कधी जाणार, काकू?" तिने विचारलं. जाणार नाही, मी म्हणाले. आणि ठिपका आहे तोवर ढग पुन्हा येऊ शकतो, म्हणून गोळी या वेळी दोन वर्षांत थांबवण्याची घाई करायची नाही.

मधल्या काळात एक स्थळ आलं होतं, पुण्याचं. मावशीचं मत, सांगायचं कशाला, आता बरी आहे ना. मी डॉक्टर म्हणून गप्प बसू शकले असते, पण बसले नाही. १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख काढून टाकला गेला. त्या आधी वारंवार फिट येणं हे लग्न रद्द करण्याचं कारण ठरू शकत होतं. कायद्याने तिच्या बाजूने जे करायचं ते केलं आहे. पण गोळी लपवून घ्यायची म्हटलं की ती चुकते. सासरी पहिल्या आठवड्यात डबी बॅगेच्या तळाशी गेली की काय होतं ते मी दुसऱ्या दोन मुलींच्या बाबतीत बघितलं आहे. हे मी मावशींना त्यांच्या तोंडावर, जरा जोरातच, सांगितलं.

मुलीने कुणाचंच ऐकलं नाही असंही म्हणता येईल. तिने माझ्याकडून दोन्ही फिल्म मागून घेतल्या, ढगाची आणि ढग गेल्यानंतरची. मुलगा बडोद्याला आला तेव्हा कमाटीबागेत त्या दोन्ही उन्हासमोर धरून, कोणतं काय आहे ते तिने स्वतः समजावून सांगितलं. त्याने तिला विचारलं, फिट आली तर मी काय करायचं? तिने दाताचा टवका दाखवून सांगितलं, चमचा घालायचा नाही.

त्यांच्याकडून अजून होकार-नकार आलेला नाही. गोळी सकाळी नऊला आणि रात्री नऊला चालू आहे.